60 बेडच्या हॉस्पिटलात इन्फेक्शन मोजायला सुरुवात कुठून करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चाळीसगावकडच्या एक सिस्टर आहेत, 60 बेडचं हॉस्पिटल, त्यात 8 बेडचा आयसीयू आणि दोन ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर. एनएबीएच (हॉस्पिटलच्या दर्जाचं प्रमाणपत्र) करायचंय म्हणून सरांनी त्यांना नुकतंच इन्फेक्शन कंट्रोल नर्स केलंय. दर महिन्याला ओटी-आयसीयूच्या भिंती, टेबल, ट्रॉली यांचे स्वॅब लॅबला जातात, दर शनिवारी फॉर्मलिनचं फॉगिंग होतं, आणि रजिस्टरमध्ये इन्फेक्शन रेटच्या रकान्यात दर महिन्याला 0 लिहिलेलं असतं. तरी टाके पिकलेले पेशंट ओपीडीत येतातच. त्यांना विचारायचंय की अजून कुठले स्वॅब घेऊ आणि फॉगिंगला फॉर्मलिनऐवजी काय वापरू.

ताई, मी जळगावात बरीच वर्षं हेच काम करतेय म्हणून स्पष्ट बोलते, राग मानू नका. नवीन स्वॅब एकही वाढवू नका, उलट आहेत ते बंद करा. आणि तो 0 खोटा आहे असं नाही म्हणत, पण तो कुणी मोजून आलेला नाही एवढं नक्की. जिथं शोधलंच नाही तिथं सापडणार काय? जागतिक आरोग्य संघटनेचा 2022 चा रिपोर्ट सांगतो की श्रीमंत देशांतसुद्धा ॲडमिट झालेल्या 100 पेशंटपैकी 7 जणांना हॉस्पिटलातूनच काहीतरी इन्फेक्शन लागतं आणि आपल्यासारख्या देशांत 15 जणांना. मग आपल्या तालुक्याच्या ठिकाणी वर्षभर एकही नाही असं होईल का, तुम्हीच सांगा. एनएबीएचचे असेसरपण सलग बारा शून्य बघून खूश होत नाहीत हो, ते पहिला प्रश्न विचारतात की मोजता कसं.

स्वॅबचं आधी संपवते. भिंतीवर, टेबलावर जंतू असतातच. सरफेसवर जंतूंच्या अमुक कॉलनी चालतील आणि तमुक नाही असं सर्वांनी मान्य केलेलं मापच नाहीये. मग रिपोर्टमध्ये काही आलं की आपण काय करतो, परत फॉगिंग करतो आणि परत स्वॅब पाठवतो, निगेटिव्ह येईपर्यंत. पेशंटला त्यातून काय मिळालं? स्वॅब घ्यायचे ते साथ आली तर, म्हणजे एकाच जंतूचे दोन-तीन पेशंट लागोपाठ निघाले आणि उगम शोधायचाय तेव्हा. नवीन ओटी सुरू करताना किंवा बांधकामानंतर तपासणी करतात ती वेगळी गोष्ट. फॉर्मलिन तर आता सोडाच, डोळे चुरचुरतात एवढंच नाही, आयएआरसीने म्हणजे कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या जागतिक संस्थेने ते माणसाला कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात टाकलेलं आहे, आणि धूर करून रूम निर्जंतुक होते या कल्पनेला फारसा आधार नाही. त्याच्या जागी महागडं केमिकल घेऊन येणारे एमआर म्हणजे कंपन्यांचे प्रतिनिधी खूप भेटतील, आधी साबण-पाण्याने आणि डिसइन्फेक्टंटने नीट पुसणं होतंय का ते बघा. आणि ओटीचं दार. सर्जरी चालू असताना दार किती वेळा उघडतं ते एक दिवस बाहेर बसून मोजा, मोबाईल द्यायला, चहा विचारायला, दुसऱ्या केसचा एक्स-रे दाखवायला. स्प्लिट एसी म्हणजे व्हेंटिलेशन नाही, तो आतलीच हवा फिरवतो, जनरल ओटीला एनएबीएच तासाला किमान 20 एअर चेंज मागतं ते स्प्लिटने होत नाही. हे सरांना आताच सांगून ठेवा कारण तो खर्चाचा विषय आहे, तुमच्या हातातला नाही.

आता मोजणं. सगळं एकदम करायला जाऊ नका, नाहीतर दोन महिन्यात दमाल आणि परत शून्य लिहायला लागाल. दोनच गोष्टींनी सुरू करा, आयसीयूतलं लघवीचं कॅथेटर आणि सर्जरीचे टाके. सेंट्रल लाईन, म्हणजे मोठ्या शिरेत टाकायची नळी, तुमच्याकडे महिन्याला किती पडतात ते बघून तिसरी घ्या. व्हेंटिलेटरचं नंतर, ती व्याख्या किचकट आहे, पीप आणि एफआयओटूचे, म्हणजे मशीनवरच्या दाबाचे आणि ऑक्सिजनचे रोजचे आकडे लागतात, ते चार्टच नीट भरले जात नसतील तर उगाच डोकं फिरेल.

कॅथेटरसाठी रोज एकाच वेळेला, समजा सकाळच्या हँडओव्हरला, आयसीयूत किती पेशंट आणि त्यातल्या किती जणांना कॅथेटर हे दोन आकडे लिहायचे. बास. रोज. रविवारी पण, अक्षय तृतीयेला पण. तुम्ही सुट्टीवर असाल तर कोण लिहिणार ते नाव आधीच ठरवा. महिन्याच्या शेवटी बेरीज केली की पेशंट-डे आणि कॅथेटर-डे मिळाले. किती इन्फेक्शन झाले एवढंच सांगणं म्हणजे किती रन काढले ते सांगायचं आणि किती बॉल खेळलो ते लपवायचं. समजा महिन्यात 160 कॅथेटर-डे झाले आणि 1 इन्फेक्शन, तर 1 भागिले 160 गुणिले 1000, म्हणजे 6.25 प्रति हजार कॅथेटर-डे. सेंट्रल लाईनचं पण असंच, फक्त एकाच पेशंटला दोन लाईन असल्या तरी तो दिवस एकच धरायचा, यात बऱ्याच जणी घोळ घालतात.

छोट्या हॉस्पिटलात एक अडचण येते ती आधीच सांगून ठेवते, आकडे उड्या मारतात. महिन्याला 60 लाईन-डे असतील आणि एकच इन्फेक्शन झालं तर रेट 16.7 येतो, पुढच्या महिन्यात 0, सर म्हणतील हे काय चाललंय. म्हणून महिन्याचा रेट भिंतीवर लावू नका, तीन महिन्यांचा किंवा मागच्या बारा महिन्यांचा मिळून काढा, आणि सोबत शेवटच्या इन्फेक्शनला किती दिवस झाले ते लिहा. स्टाफला दुसरंच जास्त कळतं.

आणि कॅथेटर-डे भागिले पेशंट-डे केलं की वापराचं प्रमाण निघतं. खरं सोनं इथं आहे. 8 पैकी 7 पेशंटला रोज कॅथेटर असेल तर इन्फेक्शनची व्याख्या शिकायच्या आधीच तुम्हाला काम सापडलं. अर्ध्या पेशंटना ते गरजेपेक्षा जास्त दिवस राहिलेलं असतं, म्हाताऱ्या आजोबांना संडास-बाथरूमला कोण नेणार म्हणून, किंवा राउंडला सरांनी "काढा" म्हटलं नाही म्हणून. तुम्ही रोज राउंडला विचारायचं, सर हे कॅथेटर आज कशासाठी आहे? पहिले आठ दिवस चिडतील, मग स्वतःच काढायला सांगतील. पुरुष पेशंटला जमेल तिथं कंडोम कॅथेटर. आणि दर सात दिवसांनी कॅथेटर बदलायची पद्धत असेल तर ती पण थांबवा, ठरावीक दिवसांनी बदलल्याने इन्फेक्शन कमी होत नाही, ब्लॉक झालं, गळायला लागलं, इन्फेक्शन झालं तरच बदला.

कोणतं इन्फेक्शन मोजायचं याची व्याख्या बहुतेक ठिकाणी अमेरिकेच्या सीडीसीची, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेची वापरतात. ॲडमिशनचा दिवस पहिला धरायचा, तिसऱ्या दिवशी किंवा नंतर सुरू झालेलं इन्फेक्शन ते आपलं, त्याआधीचं पेशंट घरून घेऊन आला. कॅथेटर दोन दिवसांपेक्षा जास्त राहिलेलं हवं आणि त्या दिवशी आत असलं पाहिजे किंवा आदल्या दिवशी काढलेलं. ताप 38 डिग्रीच्या वर, किंवा ओटीपोटात दुखणं, किंवा कमरेच्या बाजूला दुखणं यातलं काहीतरी आणि लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघतात त्या टेस्टमध्ये, एक लाख किंवा जास्त कॉलनी, दोनपेक्षा जास्त प्रकारचे जंतू नकोत. नुसता कँडिडा आला तर या हिशोबात धरत नाहीत. लक्षण काहीच नाही आणि कल्चर पॉझिटिव्ह, तर ते मोजायचं नाही आणि बहुतेक वेळा त्याला अँटीबायोटिकपण द्यायचं नसतं, गर्भवती किंवा लघवीच्या मार्गाचं ऑपरेशन होणारे पेशंट सोडून. ही व्याख्या म्हणजे मोजमाप आहे बरं का, ट्रीटमेंटचा निर्णय डॉक्टरचा, या दोन गोष्टींवरून भांडण लावून घेऊ नका. फिजिशियन म्हणतील हे मला यूटीआय म्हणजे लघवीचं इन्फेक्शन वाटतं, वाटू दे, तुमच्या फॉर्ममध्ये बसत नसेल तर मोजू नका, आणि उलटं पण, ते म्हणाले "नाही हो हे काही नाही" तरी बसत असेल तर मोजा. व्याख्या दर महिन्याला तीच राहिली तरच मागच्या महिन्याशी तुलना होते.

कल्चरचं बोलायलाच पाहिजे कारण आपल्याकडे घोटाळा तिथंच होतो. तालुक्याच्या हॉस्पिटलात मायक्रोबायोलॉजी लॅब नसते, सँपल जळगाव-धुळ्याला नाहीतर नाशिकला जातं. मे महिन्यात लघवीचं सँपल कुणाच्या तरी बाईकच्या डिकीत 44 डिग्रीला दोन तास फिरलं तर जंतू आपोआप वाढतात आणि तुम्ही न झालेलं इन्फेक्शन मोजता. लघवी लगेच पोचणार नसेल तर फ्रीजमध्ये आणि पाठवताना आईसपॅकसोबत. ब्लड कल्चरची बाटली मात्र फ्रीजमध्ये अजिबात नाही, ती रूम टेंपरेचरला, हे दोन्ही उलटं होताना मी पाहिलंय. लघवीचं सँपल पिशवीतून नाही घ्यायचं, ट्यूबच्या पोर्टमधून स्पिरिटने पुसून सिरिंजने. ब्लड कल्चर अँटीबायोटिकच्या आधी, दोन वेगळ्या जागांवरून, मोठ्या माणसाला प्रत्येक बाटलीत 8-10 एमएल, 2 एमएल टाकून "नो ग्रोथ" मिळवण्यात काही अर्थ नाही. एकाच बाटलीत कातडीवरचा स्टॅफ आला, ज्याला कॉन्स म्हणतात, तर ती बहुधा आपल्या हाताची घाण असते, त्याला लाईनचं इन्फेक्शन धरायला दोन वेगळ्या वेळी घेतलेली कल्चर लागतात.

आता टाके. तुमचा 0 मुख्यतः इथून आलाय. पेशंट चौथ्या-पाचव्या दिवशी घरी जातो आणि टाके पिकतात सातव्या-दहाव्या दिवशी, तेव्हा तो तुमच्या रजिस्टरमध्ये नसतोच. सर्जरीचं इन्फेक्शन 30 दिवसांपर्यंत मोजायचं, आणि हर्नियाची जाळी, गुडघा-खुब्याचं रिप्लेसमेंट असल्या सर्जरींना खोलवरचं इन्फेक्शन 90 दिवसांपर्यंत. म्हणजे फोन करावा लागणार, दुसरा मार्ग नाही. आपल्याकडे बाळंतीण सिझेरियननंतर सासरी राहत नाही, माहेरी जाते, पारोळ्याहून साक्रीला नाहीतर शहाद्याला, आणि तिथल्याच डॉक्टरकडे टाके काढते. केसपेपरवर नंबर नवऱ्याचा, तो म्हणतो "सगळं बरं आहे", त्याला काय माहीत. म्हणून डिस्चार्जच्या वेळी माहेरचा नंबर घ्या, तिच्या आईचा. आणि फोनवर "इन्फेक्शन झालं का" असं विचारू नका, टाक्यातून पाणी किंवा पू आला का, टाका उघडला का, ताप आला होता का, कुणी परत अँटीबायोटिक लिहून दिलं का, कुठे परत ड्रेसिंगला जावं लागलं का, एवढं विचारा. अहिराणीत विचारलं तर जास्त खरं उत्तर मिळतं, हा माझा अनुभव. दहाव्या दिवशी एक आणि तिसाव्याला एक फोन, शंका आली तर व्हॉट्सॲपवर फोटो मागवा. महिन्याला 40 सर्जरी असतील तर 80 फोन, दिवसाला तीन पण नाही होत.

सगळ्या सर्जरी नका घेऊ, फक्त सिझेरियन घ्या किंवा सिझेरियन आणि हर्निया. 100 सर्जरीमागे किती असा रेट. पहिल्या तीन महिन्यात आकडा एकदम वर जाईल कारण आता तुम्ही बघायला लागलात. सरांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर म्हणतील ही बाई आल्यापासून इन्फेक्शन वाढलं. आणि सर्जनच्या नावाने यादी करून मीटिंगमध्ये वाचू नका, ज्याचा त्याला आकडा एकट्याला दाखवा. माणूस चारचौघांत बचाव करतो, एकटा असला की विचारतो "मग काय करू".

काय करायचं हेही ठरलेलं आहे. आदल्या रात्री वस्तऱ्याने केस काढणं बंद, वस्तऱ्याने बारीक जखमा होतात आणि रात्रभर त्यात जंतू वाढतात, काढायचेच असतील तर क्लिपरने आणि शक्यतो सर्जरीच्या थोडं आधी. अँटीबायोटिक कातडीला चीर देण्याच्या आधी तासाभरात, सिझेरियनला पण आधी, नाळ कापल्यावर नाही. साधारण सेफाझोलिन पुरतं, सर्जरी चार तासांपेक्षा लांबली किंवा रक्त खूप गेलं तर परत एक डोस. आणि नंतर पाच दिवस सेफट्रायॅक्झोन कशाला? स्वच्छ सर्जरीला पोस्ट-ऑप डोस चालू ठेवून फायदा होत नाही असंच जागतिक आरोग्य संघटनेचंही म्हणणं आहे, पण हे सर्जनला नर्सने सांगायचं म्हणजे... ते भूलतज्ज्ञांकडून सांगायला लावा, वेळेवर डोस देणं त्यांच्याच हातात असतं आणि त्यांचं ऐकतात. स्किनला अल्कोहोलमधलं क्लोरहेक्सिडिन हे अँटीसेप्टिक, आणि ते वाळू द्यायचं, ओलं असताना कॉटरी (रक्त थांबवायचं विजेचं यंत्र) लावली तर भाजतं. शुगर आटोक्यात, पेशंट थंडगार पडू न देणं, एवढं केलं तरी पुष्कळ.

दुर्बिणीच्या सर्जरी तुमच्याकडे होतात का लिहिलं नाहीत, पण होत असतील तर हा पॅरा दोनदा वाचा. आपल्या देशात लॅप्रोस्कोपीनंतर एक इन्फेक्शन फार सापडतं, जखम भरते, टाके निघतात, सगळे खूश, आणि तीन-चार आठवड्यांनी पोर्टच्या जागी गाठ येते, पाणी यायला लागतं. साधं कल्चर निगेटिव्ह. दोन-तीन अँटीबायोटिक होतात, फरक नाही. कारण तो टीबीच्या जातीतला पण टीबी नसलेला जंतू असतो, ॲटिपिकल मायकोबॅक्टेरियम, त्याला एएफबी स्टेन, म्हणजे टीबीसाठी करतात ती रंगवून तपासणी, आणि त्याचं वेगळं कल्चर मागावं लागतं आणि ट्रीटमेंट महिनोन्‌महिने चालते. हा जंतू नळाच्या, टाकीच्या पाण्यात राहतो. होतं काय की दिवसभराच्या ऑपरेशनची लिस्ट मोठी असते, सेट एकच असतो, दोन केसच्या मध्ये इन्स्ट्रुमेंट ग्लुटारल्डिहाइडमध्ये 20 मिनिटं बुडवतात आणि मग साध्या पाण्याने खळाळतात, म्हणजे केलेलं सगळं त्या पाण्याने घालवतात. शिवाय इन्स्ट्रुमेंट खोललेलंच नसतं, आत रक्त-चरबी तशीच, तिथं केमिकल पोचतच नाही. 20 मिनिटांत हाय लेव्हल डिसइन्फेक्शन होतं, स्टरिलायझेशन नाही, त्याला 10 तास लागतात. फॉर्मलिनच्या गोळ्या टाकलेला डबा म्हणजे तर स्टरिलायझेशन धरूच नका. इन्स्ट्रुमेंट पूर्ण खोलायचं, ब्रशने आतून धुवायचं, वाळवायचं आणि ऑटोक्लेव्ह होण्यासारखं सगळं ऑटोक्लेव्ह, उरलेलं ईटीओ (गॅसने) किंवा प्लाझ्मा, या कमी उष्णतेच्या पद्धतींनी. नाइलाजाने बुडवावंच लागलं तर शेवटचं धुणं स्टराईल पाण्याने. खरा उपाय म्हणजे दुसरा सेट घेणं किंवा दिवसाला केस कमी लावणं, आणि हे ऐकायला कुणालाच आवडत नाही. असे दोन पेशंट एका महिन्यात आले तर लिस्ट थांबवायला सांगायची हिंमत ठेवा.

ऑटोक्लेव्हबद्दल एवढंच की बाहेरची टेप काळी झाली म्हणजे आत स्टराईल झालं असं नाही, टेप फक्त सांगते की हा ड्रम आत जाऊन आला. पॅकच्या आत इंडिकेटर ठेवा आणि आठवड्यातून एकदा तरी स्पोअरवाली टेस्ट, म्हणजे जिओबॅसिलस या चिवट जंतूची बीजं मरतात का ते बघणारी. प्री-व्हॅक्यूम मशीन असेल तर रोज सकाळी बॉवी-डिक, म्हणजे आतली हवा पूर्ण निघते का याची टेस्ट. ड्रम कोंबून भरायचा नाही, वाफ जाणार कुठून.

हात. तुम्हाला वाटेल सगळे हेच सांगतात, पण मी पोस्टर लावायला सांगत नाहीये. उन्हाळ्यात आपल्याकडे नळाला चार-चार दिवसांनी पाणी, हॉस्पिटल टँकरवर, बेसिनला बादली-मग, अशा ठिकाणी दर पेशंटनंतर साबणाने 40 ते 60 सेकंद हात धुवा म्हणून सांगणं म्हणजे न होणारी गोष्ट. अल्कोहोल हँडरब प्रत्येक बेडला हुकावर, 20 ते 30 सेकंद चोळायचं, झालं. हात दिसायला घाण असेल किंवा जुलाबाचा पेशंट असेल तर मात्र साबण-पाणीच. आणि कोण हात चोळतं ते तुम्ही उभं राहून बघितलं की सगळे चोळतात, तुम्ही गेलात की बंद, म्हणून त्यासोबत खप मोजा. एक हजार पेशंट-डेला निदान 20 लिटर हँडरब संपलं पाहिजे असा एक अंदाज वापरतात. तुमच्याकडे सरासरी 40 पेशंट असतील तर महिन्याला 1200 पेशंट-डे, म्हणजे 24 लिटर, म्हणजे अर्ध्या लिटरच्या 48 बाटल्या. स्टोअरमध्ये जाऊन मागच्या महिन्याच्या किती गेल्या ते बघा. दहा-बारा निघाल्या तर कंप्लायन्स 90 टक्के लिहिलेला ऑडिट कागद फाडून टाका. लिक्विड सोपची बाटली संपत आली की वरून ओतत जाऊ नका, त्यात जंतू पैदा होतात, रिकामी करून, धुवून, वाळवून भरा. आणि ग्लोव्हज घालून सकाळपासून चार बेड फिरणारे... त्यांना वाटतं आपण सुरक्षित आहोत, असतीलही, पेशंटचं काय.

सलाईन-इंजेक्शनची बाजू आपल्याकडे फार दुर्लक्षित आहे आणि छोट्या हॉस्पिटलात खरा धोका तिथंच जास्त. सकाळी 500 एमएल एनएसची म्हणजे साध्या सलाईनची एक बाटली फोडून ट्रॉलीवर ठेवायची आणि दिवसभर सगळ्या वॉर्डचं फ्लश त्याच बाटलीतून, वर सुई खोचलेलीच, हे बंद करा, आजच. एका सिरिंजवर रक्त परत आलं असेल तर तीस पेशंटपर्यंत पोचतं. 10 एमएलचे ॲम्प्यूल महाग पडतात असं म्हणतील, एका सेप्सिसपेक्षा स्वस्त पडतात. सलाईनच्या बाटलीला हवा जायला सुई टोचायची सवयपण अशीच, कोलॅप्स होणारी बाटली किंवा फिल्टरवाला व्हेंटेड सेट घ्या. मल्टीडोस व्हायलवर उघडल्याची तारीख, 28 दिवसांनी किंवा कंपनीने त्याआधीचं सांगितलं असेल तर तेव्हा फेकायची, आणि प्रत्येक वेळी नवी सुई, नवी सिरिंज. थ्री-वे, हब, पोर्ट, औषध टाकायच्या आधी स्पिरिट स्वॅबने 15 सेकंद घासायचं. सॅव्हलॉनमध्ये भिजवलेल्या कापसाच्या बोळ्यांची बरणी आणि तिच्या शेजारी अँटीसेप्टिकमध्ये उभी चिटल फोरसेप (बोळे उचलायचा लांब चिमटा), हे दृश्य अजून अर्ध्या ड्रेसिंग रूममध्ये दिसतं. त्या पातळ झालेल्या अँटीसेप्टिकमध्ये स्यूडोमोनास, बर्कहोल्डेरिया मजेत राहतात. चिटल कोरड्या ऑटोक्लेव्ह केलेल्या बाटलीत ठेवा, दर शिफ्टला बदला, बोळे लागतील तेवढेच ताजे भिजवा.

सेंट्रल लाईनचं थोडक्यात, कारण तुमच्याकडे कमी असतील. मिशिगनमधल्या 103 आयसीयूंचा अभ्यास 2006 साली न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आला होता, पीटर प्रोनोव्होस्ट यांचा. पाचच गोष्टी केल्या, हात धुणं, लाईन टाकताना टोपी-मास्क-गाऊन-ग्लोव्हज आणि पेशंटवर पूर्ण ड्रेप, क्लोरहेक्सिडिन, जांघेतली लाईन टाळणं आणि नको असलेली लाईन काढणं. हजार लाईन-डेला मध्यक 2.7 होता तो 0 वर आला. नवीन औषध नाही, मशीन नाही. पण त्यात अजून एक गोष्ट होती जी लोक विसरतात, डॉक्टरने एखादी पायरी सोडली तर थांबवायचा अधिकार नर्सला दिलेला होता. हे तुमच्या सरांकडून लेखी घ्या. तोंडी नको.

ऊन. आपल्या पट्ट्याचा खास प्रश्न. हायपोक्लोराइट, म्हणजे पुसायला वापरतो ते ब्लीच, गरमीत आणि उजेडात उतरतं. भुसावळ-जळगावला 45 डिग्री असते तेव्हा पत्र्याच्या स्टोअरमध्ये ठेवलेला कॅन लेबलवर 5 टक्के म्हणतो, आत किती उरलं ते देव जाणे. थंड अंधाऱ्या जागी ठेवा, तीन महिन्यांचा साठा एकदम घेऊ नका, पातळ केलेलं रोज नवीन करा. 5 टक्केवाल्यातून 1 टक्का करायचं तर एक भाग ते आणि चार भाग पाणी. रक्त सांडलं तर आधी टिपून घ्या, मग 1 टक्का ओता, 10 मिनिटं थांबा. मावशींना एक पक्कं सांगून ठेवा, हायपोमध्ये बाथरूमचं ॲसिड कधी मिसळायचं नाही, क्लोरीन गॅस निघतो.

कूलर हा दुसरा विषय. वॉर्डात कूलर ठेवू नका म्हणणं मला जमत नाही, मे महिन्यात पेशंट भाजून निघेल. पण आयसीयू, ड्रेसिंग रूम, भाजलेल्या पेशंटची खोली आणि लेबर रूममध्ये कूलर नको, आणि वॉर्डातला आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामा करून घासून वाळवायचा, वाळा हिरवा-काळा झाला की फेकायचा. त्याच पाण्यात डेंग्यूचा डास पण अंडी घालतो, रिकामा केला की तेही थांबतं, तो वेगळा फायदा.

नातेवाईकांवर ओरडून काही होत नाही. अक्कलकुवा-धडगावकडून जीप भरून माणसं येतात, ती परत कुठे जाणार. उलट रात्री सिस्टर एक आणि पेशंट वीस, लघवीची पिशवी नातेवाईकच रिकामी करतो हे मान्य करा आणि त्यालाच शिकवा. प्रत्येक पेशंटचं भांडं वेगळं, नळीचं तोंड भांड्याला लागू द्यायचं नाही, पिशवी जमिनीवर नाही आणि पोटाच्या वर उचलायची नाही, आधी आणि नंतर हात. दोन मिनिटांचं काम आहे, मी तर एका आजीला शिकवलं होतं, ती शेजारच्या तीन बेडवाल्यांना दटावून शिकवत होती. झाडू मारणं मात्र बंद करा, कोरड्या झाडूने धूळ उडते, ओलं पुसा, स्वच्छ बाजूकडून घाण बाजूकडे, आणि आयसीयूचं पोतं जनरल वॉर्डात नाही.

एकाच जंतूचे दोन पेशंट, तोच अँटीबायोग्राम (कोणतं अँटीबायोटिक चालतं याचा रिपोर्ट), आठ-दहा दिवसांत निघाले तर वाट बघू नका. एका कागदावर नाव, बेड, तारीख, कोणती प्रोसिजर, कोणत्या शिफ्टला कोण, कोणतं औषध, कोणतं मशीन असं आडवं लिहा, बहुतेक वेळा समान धागा त्या कागदावरच दिसतो. ॲसिनेटोबॅक्टर कोरड्या पृष्ठभागावर आठवडेच्या आठवडे टिकतो, बेडरेल, मॉनिटरचं बटण, बीपीचा कफ, सक्शनचं हँडल आधी बघा. बर्कहोल्डेरिया निघाला तर पातळ पदार्थांवर संशय घ्या, फ्लश, अँटीसेप्टिक, सोनोग्राफीची जेल. मदत लागली तर धुळ्याच्या किंवा जळगावच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या मायक्रोबायोलॉजी विभागाशी बोला, आणि आपल्या आरोग्य मंत्रालयाची जानेवारी 2020 ची इन्फेक्शन कंट्रोलची राष्ट्रीय गाईडलाईन डाऊनलोड करून ठेवा, सरांशी वाद झाला की ती उघडायची.

मोजण्याने काही होतं का असं सर विचारतील, तर 1985 साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेचा सेनिक अभ्यास सांगा. सर्व्हिलन्स आणि कंट्रोल दोन्ही नीट असलेल्या हॉस्पिटलांत 32 टक्के इन्फेक्शन टाळता येतात असं त्यात निघालं, आणि सर्जनला त्याचा रेट कळवणं हा त्यातलाच भाग होता.

शेवटचं, तुमचं स्वतःचं आणि स्टाफचं. हिपॅटायटिस बीचे तीन डोस, 0, 1 आणि 6 महिने, आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस, म्हणजे लस लागू पडली का याची रक्ततपासणी, ते 10 च्या वर पाहिजे. सुई लागली तर पिळायचं नाही, साबण-पाण्याने धुवायचं, लगेच कळवायचं, एचआयव्हीचं पीईपी, म्हणजे लागण टाळायचं औषध, लागणार असेल तर शक्यतो दोन तासांत आणि 72 तासांच्या पुढे नाही. ते औषध रात्री दोन वाजता तुमच्या गावात कुठे मिळेल ते आत्ताच शोधून नर्सिंग स्टेशनला लिहून लावा. लसीची यादी करताना सिस्टर-डॉक्टरांच्या आधी बायोमेडिकल वेस्ट उचलणारे मामा आणि लॉन्ड्रीच्या मावशी घ्या, ते कॉन्ट्रॅक्टवर आहेत म्हणून सुटतात, आणि पिवळ्या पिशवीत किंवा चादरीत राहिलेली सुई लागते ती त्यांनाच.